साखरेची भिशी

'साखरसाथी' या ॲपवर मीरा-भाईंदरमधून नाव नोंदवलेले मधुमेही होते एकूण चारशे बारा. त्यांतल्या दोनशे एक्क्याण्णव जणांनी साखर मोजायचं फुकटचं मशीन घरी येईपर्यंत दम धरला आणि मशीन हातात पडल्याबरोबर ॲप काढून टाकलं. उरले एकशे एकवीस. त्यांतले त्र्याऐंशी जण रोज सकाळी ॲप उघडायचे, सुविचाराचं चित्र उचलायचे, नातेवाइकांना पाठवायचे आणि बंद करायचे. राहिले अडतीस. त्यांतल्या सदतीस जणांनी मशीन ॲपला जोडलंच नव्हतं. ते आकडे हातानं भरायचे, आणि त्या सदतीस जणांची साखर महिनोन्‌महिने एकशे दहा तरी होती नाहीतर एकशे वीस. मधलं काही नाही. जणू रक्तातली साखर दहा-दहाच्या पुड्यांत येते.

राहिली एक. अंबिका गोवर्धन सामंत, वय सत्तावन्न, इंद्रलोक, भाईंदर पूर्व.

ही मोजदाद क्षितिजानं केली होती, आणि तिला ती कुणीही सांगितली नव्हती. जीवरसायनशास्त्रात एम.एस्सी. केल्यावर तिला प्रयोगशाळा हवी होती. मिळालं ते पेणकरपाड्यातल्या सुजीवक फार्माचं मार्केटिंग खातं. ऑफिस दुसऱ्या मजल्यावर. खाली फरसाणवाला, वर जिम आणि मधे मधुमेहाच्या गोळ्या विकणारी कंपनी. तिघांनी आपापसांत गिऱ्हाईक वाटून घेतल्यासारखी ती इमारत होती.

गोळीची थेट जाहिरात लोकांपुढे करायला कायद्यानं बंदी, म्हणून कंपनी जनजागृती करायची. जागृतीचा रंग निळा-केशरी होता, आणि कंपनीच्या 'ग्लुकशांत' गोळीच्या पाकिटाचा रंगही, योगायोगानं, निळा-केशरी होता. ॲपवरचे संदेश लिहिणं हे क्षितिजाचं काम. 'साखर म्हणजे गोड बोलणारा शत्रू!' हे तिचंच. साखर आटोक्यात आली की पडद्यावर रंगीत कागदांचे तुकडे उडायचे आणि खाली अक्षरं यायची, 'शाब्बास! तुमची साखर तुमच्या मुठीत!' तेही तिचंच. तिच्या आईनं ते वाक्य नात्यातल्या सगळ्यांना पाठवून वर लिहिलं होतं की आमची क्षितिजा आता कंपनीत शास्त्रज्ञ आहे.

"मिळाली ना?" पराग केबिनमधून बाहेर येत म्हणाला. पराग मार्केटिंगचा प्रमुख. आधी त्यानं पाणी शुद्ध करायची मशिनं विकली होती, मग ऑनलाइन इंग्रजी, आणि आता तो स्वास्थ्य विकत होता. "रीलसाठी खरा पेशंट. मला मॉडेल नकोय. खरी बाई, खरं घर, खरं बोट."

"एकच आहे, सर."

"एकच हवी आहे. हिरोइन कधी चार असतात का? शुक्रवारपर्यंत रील, आणि शुक्रवारीच तुझं कन्फर्मेशनचं लेटर, नोकरी पक्की. दोन्ही एकदमच सही करतो."

"पण तिच्या आलेखात गडबड आहे."

क्षितिजानं स्क्रीन वळवली. अंबिका सामंत दिवसातून आठ वेळा साखर मोजत होत्या. नुसत्या मोजत नव्हत्या, जोडीनं मोजत होत्या. काल दुपारी चार दहाला तीनशे दोन. चार सोळाला चौऱ्याऐंशी. रोज अशाच चार जोड्या. आधी लाल, लगेच हिरवा.

"वा!" पराग म्हणाला. "काय सुधारणा आहे!"

"सर, सहा मिनिटांत तीनशे दोनवरून चौऱ्याऐंशी. एवढ्या झटकन साखर खाली यायला ती फाटक्या गोणीत असावी लागते. हे शरीरात होत नाही."

"ॲपमध्ये होतंय ना?"

"आणि हे बघा. आठवड्याची सरासरी एकशे त्र्याण्णव निघाली म्हणून आपल्या पॅनलवरच्या डॉक्टरांनी तीन आठवड्यांपूर्वी तिला दुसरी गोळी चालू केली. ग्लुकशांत. हे आकडे चुकीचे असतील तर गोळीही चुकीची आहे."

"गोळी कोणी दिली? डॉक्टरांनी. तू डॉक्टर आहेस का? मी आहे का? मी बी.कॉम."

"डॉक्टरांनी आपला आलेख बघून दिली."

"म्हणजे डॉक्टर आपला आलेख वापरतात!" परागचे डोळे चमकले. "हे पण घे रीलमध्ये."

पॅनलवरचे डॉक्टर म्हणजे एक गृहस्थ दिवसातून एकदा लॉग-इन व्हायचे आणि नाष्ट्याच्या वेळात साठ पेशंट मार्गी लावायचे. क्षितिजानं त्यांना संदेश पाठवला. 'नियमानुसार केले आहे' असं उत्तर आलं आणि त्याखाली अंगठा. मग तिनं सरळ अंबिका सामंतांचा नंबर फिरवला. फोन उचलला दुसऱ्याच बाईनं.

"हॅलो, कोण?"

"मी साखरसाथीमधून क्षितिजा बोलतेय. अंबिका काकू आहेत का?"

मग फोनपासून तोंड लांब नेऊन दबकं, "कंपनी आहे, कंपनी!" आणि मग पाकातला आवाज, "अंबिका ना, जरा आडवी झालीये. तुमचं काय असेल ते मला सांगा. मी मनोरमा, शेजारीण."

"बऱ्या आहेत ना त्या?"

"बरी आहे की. हल्ली दुपार कलली की हातपाय गळतात, घाम फुटतो, एवढंच. नवी गोळी लागू पडतेय बहुतेक. औषध लागू पडलं की आधी त्रास होतोच."

"हे कधीपासून होतंय?"

"झाले असतील दोन-तीन आठवडे. पण पॉइंट बरोबर जमा होतायत हं, त्याची काही तक्रार नाही!"

क्षितिजानं फोन ठेवला. प्रश्न साधा होता. ते आकडे अंबिका सामंतांचे असतील तर मशीन बिघडलंय. त्यांचे नसतील, तर बाई दुसऱ्याच कुणाच्या साखरेवरची गोळी रोज गिळतायत, आणि त्यांची स्वतःची साखर किती हे कंपनीत, पॅनलवर किंवा इंद्रलोकात कुणालाच ठाऊक नाही. ती परागच्या दारात गेली.

"सर, रील आजच घेऊ या."

"ही खरी भूक!" पराग म्हणाला आणि ट्रायपॉड काखेत मारून निघाला.

रिक्षात क्षितिजानं मनोरमा काकूंना शूटिंगला येतोय असं फोनवर कळवलं, आणि परागनं संवाद लिहिला. रिक्षा खड्ड्यात गेली की एक शब्द कमी व्हायचा, त्यामुळे संवाद मुळातल्यापेक्षा बरा झाला. "काकू म्हणतील, 'आधी मी साखरेला घाबरायचे. आता साखर मला घाबरते.' मग बोट टोचतील. हिरवा आकडा. कागद उडतात. संपलं."

"हिरवाच येईल कशावरून?"

"नाही आला तर सहा मिनिटं थांबू."

सामंतांच्या घराचा दरवाजा उघडाच होता आणि आत पाहुण्यांची जय्यत तयारी होती. सोफ्यावर मधोमध अंबिका काकू, इस्त्रीची साडी, केसात गजरा. चेहरा मात्र पांढराफटक. उजवीकडे मनोरमा काकू, ज्यांचा आवाज क्षितिजानं ओळखला. डावीकडे हंसाबेन, समोरच्या फ्लॅटमधल्या, मांडीवर भली मोठी पर्स घेऊन. आणि मागे खुर्चीच्या दांडीला टेकून सुगंधा, तिशीतली, माहेरची खारीगावची, दोन्ही हातांत कोपराच्या खालपर्यंत हिरव्या बांगड्या.

"आमचे मिस्टर मीटिंगला गेलेत खाली," अंबिका काकू म्हणाल्या. "चहा घेणार ना? मला मात्र आग्रह करू नका. आज संकष्टी. चंद्र दिसल्याशिवाय मी काही घेत नाही."

"साबुदाणा पण नाही?" क्षितिजानं विचारलं.

"साबुदाणा म्हणजे काय उपास झाला? मी सकाळपासून पाण्यावर आहे."

"आणि गोळ्या?"

"त्या घेतल्या. दोन्ही. पाकिटावर 'जेवणाआधी' लिहिलंय. जेवण रात्री चंद्र बघून. म्हणून सकाळीच घेऊन टाकल्या, विसरायला नको."

तर्क निर्दोष होता.

"काकू, आधी साखर मोजू या," ती म्हणाली. "लगेच."

या वाक्यानं सोफ्यावर जी हालचाल झाली ती कॅमेऱ्यात यायला हवी होती. मनोरमा काकूंनी हंसाबेनकडे पाहिलं. हंसाबेननं सुगंधाकडे पाहिलं. सुगंधानं छताकडे पाहिलं.

"मोजू की," मनोरमा काकू म्हणाल्या. "पण अंबिका फार लाजरी आहे हं. चेहरा नको. नुसतं बोट घ्या. जरा शाल घालते हं मी तिच्यावर, फोकस चांगला पडेल."

"क्लोजअप!" पराग खूश झाला. "बाईंना सेन्स आहे."

मनोरमा काकूंनी अंबिका काकूंच्या खांद्यांवरून शाल पांघरली. शालीत थोडी चुळबुळ झाली, कुणीतरी "सरक गो" म्हणालं, आणि शालीच्या फटीतून एक बोट बाहेर आलं. मनोरमा काकूंनी बोट टोचलं, मशीननं थेंब घेतला, आकडा दाखवला. एक्क्याण्णव. फोनवर रंगीत कागद उडाले.

"कट! वन टेक!" पराग ओरडला.

क्षितिजा बोटाकडे बघत नव्हती. बोटामागे मनगट होतं आणि मनगटावर हिरव्या बांगड्यांची फौज. अंबिका काकूंच्या हातात एकेक सोन्याची पाटली होती, आणि ते दोन्ही हात त्यांच्या मांडीवर, एकमेकांत गुंफलेले, थरथरत होते.

"काकूंना तीन हात आहेत," ती म्हणाली.

मग शालीच्या आडून सुगंधा सरळ उभी राहिली.

"माजा बोट हाय ता," ती म्हणाली. "मना खोटा बोलता येत न्हाय. मी आदीच बोललेली, मना नका घेव."

"गप ग, हरिश्चंद्राची नात!" मनोरमा काकू कडाडल्या. "गेला आता एअर फ्रायर!"

"कुठला एअर फ्रायर?" परागनं विचारलं.

"तुमचाच! दोन हजार पॉइंटवाला!"

मग सगळं एकदम बाहेर आलं, तिघींच्या तोंडून. या विंगमध्ये सहा जणींची भिशी होती, जुनी. पैशांच्या भिशीत एकदा भांडण झालं, बोलणं बंद झालं, गौरीला कुणी कुणाकडे गेलं नाही. मग साखरसाथीचं मशीन आलं. प्रत्येक रीडिंगला दहा पॉइंट. एकेकटीनं टोचून घेतलं तर वर्षभरात एक पाण्याची बाटली सुटली असती. म्हणून मनोरमा काकूंनी डोकं चालवलं. दर महिन्याला चिठ्ठी काढायची. जिचं नाव निघेल, तिच्या नावावर बाकीच्या पाच जणींनी बोटं द्यायची, आणि त्या महिन्याची भेटवस्तू तिची. पैसा नाही, त्यामुळे भांडण नाही.

"मारे घरे किटली आली," हंसाबेन म्हणाल्या. "फर्स्ट क्लास किटली छे. मनोरमाबेनला मसाज मशीन. हा महिना अंबिकाबेननो."

"पण आधी लाल, मग हिरवा, हे काय आहे?"

"तो सुधारणा बोनस," मनोरमा काकूंनी समजावलं, एखाद्या मंद विद्यार्थिनीला समजवावं तसं. "लाल रीडिंगनंतर पंधरा मिनिटांत हिरवं आलं की जास्तीचे पंचवीस. तुमच्याच ॲपमध्ये लिहिलंय. म्हणून आधी हंसाबेनचं बोट घ्यायचं. तिची साखर कायम तीनशेच्या पुढे, फार भरवशाची बाई. मग लगेच सुगंधाचं. तिला साखरच नाही."

"माज्या आंगात साखर न्हायच," सुगंधानं दुजोरा दिला.

"सुई तरी बदलता ना?"

"म्हणजे काय! दर बोटाला नवी. आम्ही काय अडाणी आहोत?"

क्षितिजानं परागकडे पाहिलं. सुधारणा बोनस ही परागची कल्पना होती. लोकांना सुधारणा ताबडतोब दिसली पाहिजे, असं तो सादरीकरणात म्हणाला होता आणि वरिष्ठांनी टाळ्या वाजवल्या होत्या.

"आणि अंबिका काकूंचं स्वतःचं बोट?" क्षितिजानं विचारलं.

"तिचं कशाला?" मनोरमा काकू म्हणाल्या. "तिची भिशी, मग आम्ही बोटं द्यायची. आणि ती सुईला घाबरते. सुई दिसली तरी डोळे फिरवते."

"म्हणजे या महिन्यात त्यांची साखर एकदाही मोजली नाही."

"नाही."

"आणि ॲपच्या डॉक्टरांनी दिलेली गोळी मात्र त्या घेतात."

"घेणारच! डॉक्टरांनी दिलीये," मनोरमा काकू म्हणाल्या, आणि बोलता बोलता थबकल्या. "अगं, पण तो पॉइंटांचा खेळ वेगळा ना? आणि डॉक्टर वेगळे?"

"एकच आहेत, काकू. तुमची बोटं बघूनच डॉक्टरांनी यांची गोळी वाढवली."

हंसाबेननं पर्स छातीशी धरली. "हाय हाय. मारी गोळी एने आपी? माझी गोळी हिला?"

"समिधा," अंबिका काकू एकदम म्हणाल्या, क्षितिजाकडे रोखून बघत, "तू परत केस कापलेस? मी नको म्हटलं होतं ना?"

"समिधा सून आहे," मनोरमा काकू कुजबुजल्या. "नाशिकला असते."

अंबिका काकूंच्या वरच्या ओठावर घामाचे थेंब जमले होते. पंखा पाचवर होता. क्षितिजानं मशीन उचललं, नवी पट्टी घातली, नवी सुई बसवली आणि त्यांच्यासमोर जमिनीवर बसली.

"काकू, एक बोट द्या."

"मुळीच नाही. सुनेनं सासूला टोचायचं? एवढंच राहिलं होतं!"

"टोचते कसली, मी कधीपासून हात धरून बसलेय तुमचा. मनोरमा काकू, यांना जरा काहीतरी सांगा."

"अंबिके, तिकडे गॅलरीत बघ, तुझा पापड कबुतरानं नेला!"

"कुठलं मेलं कबूतर?" अंबिका काकूंनी मान वळवली, आणि क्षितिजानं टोचलं.

मशीननं आकडे मोजत वेळ काढला. मग दाखवलं. अठ्ठेचाळीस.

फोनवर रंगीत कागदांचा पाऊस पडला. 'शाब्बास! तुमची साखर तुमच्या मुठीत!'

"वा! अठ्ठेचाळीस!" पराग ट्रायपॉड घेऊन पुढे सरसावला. "हे खरं बोट आहे ना? खऱ्या बाईचं? घे, घे, चेहऱ्यासकट घे."

"सर, हे कमी आहे."

"कमीच तर हवंय."

"इतकं नकोय. याच्याहून खाली गेलं तर माणूस बेशुद्ध पडतो, झटके येतात."

"पण हिरवं दाखवतंय!"

"कारण आपण खालची मर्यादाच घातली नाही. एकशे चाळीसच्या खाली सगळं हिरवं. मी विचारलं होतं तेव्हा."

"तेव्हा बजेट नव्हतं," पराग म्हणाला, पण ट्रायपॉड त्यानं मागे घेतला.

"साखर आणा," क्षितिजा म्हणाली. "तीन चमचे, पाण्यात. पटकन."

सुगंधा स्वयंपाकघरात धावली आणि डबे आपटत परत आली. "साकर न्हाय घरान!"

"नसणारच," मनोरमा काकू म्हणाल्या. "'साखरमुक्त घर' आव्हान पूर्ण केलं ना आम्ही. दोनशे पॉइंट. रिकाम्या डब्याचा फोटो टाकायचा होता. सगळी साखर वाण्याला परत."

"कुणाच्याच घरी नाही?"

"सहाही घरं साखरमुक्त आहेत," मनोरमा काकू म्हणाल्या. महिनाभर ज्या गोष्टीचा त्यांना अभिमान होता, ती सांगता सांगता त्या चपला शोधू लागल्या. "मी वाण्याकडे जाते."

"लिफ्ट बंद छे," हंसाबेन म्हणाल्या. त्यांनी दाराकडे पाहिलं, अंबिका काकूंकडे पाहिलं, मग पर्सकडे. दीर्घ उसासा टाकून त्यांनी पर्सची चेन उघडली, आत कोपरापर्यंत हात घातला आणि एक पिशवी बाहेर काढली. पाव किलो तरी खडीसाखर होती.

मनोरमा काकू पिशवीवर वाकल्या.

"प्रसाद छे," हंसाबेन म्हणाल्या.

"पाव किलो?" मनोरमा काकूंनी विचारलं.

"मोटा मंदिरनो."

"तरीच तीनशेच्या खाली येत नव्हतीस, आणि आम्ही तुझ्या जिवावर बोनस मारत होतो!"

क्षितिजानं पिशवी घेतली, मूठभर खडे खलबत्त्यात कुटले, तीन सपाट चमचे मोजून अर्धा पेला पाण्यात ढवळले. पंधरा ग्रॅम. पेला तिनं अंबिका काकूंच्या ओठांशी नेला. काकूंनी तोंड फिरवलं.

"माझी संकष्टी आहे."

"काकू, साखर उपासाला चालते."

"मधुमेहाला चालत नाही." त्यांनी थरथरतं बोट उभारलं. "साखर म्हणजे गोड बोलणारा शत्रू. रोज सकाळी येतं मला ॲपवर. मी पाठ केलंय."

क्षितिजाला आपलं वाक्य असं समोरून कधी ऐकू आलं नव्हतं. तिनं परागसमोरच, शिकवणीच्या मुलांना सांगावं तसं, स्पष्ट सांगितलं, "ते वाक्य खोटं आहे, काकू. कुणीतरी ऑफिसात बसून लिहिलंय. आत्ता तुमची साखर फार खाली गेलीये, आणि ती वर आणायला फक्त साखरच लागते."

"मी नाही घेणार."

"अंबिका," हंसाबेन पुढे आल्या. मघाची शरम त्यांच्या चेहऱ्यावरून गेली होती. "आ प्रसाद छे. देवाचा प्रसाद. तू प्रसादाला नाही बोलणार? माझ्यासमोर? संकष्टीच्या दिवशी?"

अंबिका काकूंनी हंसाबेनकडे पाहिलं. नियमांची ही टक्कर त्यांच्या डोक्यात थोडा वेळ चालली असावी. त्यांनी दोन्ही हातांनी पेला धरला, कपाळाला लावला आणि एका दमात संपवला.

क्षितिजानं परागच्या ट्रायपॉडवरून फोन काढून घेतला आणि पंधरा मिनिटांचं घड्याळ लावलं. मग तिनं भिंतीवरच्या कॅलेंडरवर छापलेला खालच्या दवाखान्याचा नंबर फिरवला. तिथल्या डॉक्टरांना सगळं सांगितलं. त्यांनी भिशीचा भाग दोनदा विचारून घेतला.

"नवी गोळी बंद," ते म्हणाले. "पंधरा मिनिटांनी परत मोजा. वर आली की जेवायला घाला, पोटभर, आणि माझ्याकडे घेऊन या. ही गोळी संध्याकाळभर त्रास देऊ शकते, आज एकटं सोडायचं नाही. आणि संकष्टीचं विचारतील, तर सांगा गणपतीला माझा नंबर द्या, मी बोलतो."

सुगंधा भात लावायला गेली. मनोरमा काकू अंबिका काकूंचे पाय चोळत बसल्या. "अंबे, मला काय माहीत ग," असं त्या दोनदा म्हणाल्या, आणि तिसऱ्यांदा म्हणाल्या, "नको तो एअर फ्रायर. तेलातलंच बरं असतं."

क्षितिजानं लॅपटॉप मांडीवर घेतला. कंपनीच्या वैद्यकीय विभागाला मेल लिहिला, एक प्रत पॅनलवरच्या डॉक्टरांना. या खात्यातली रीडिंग एका व्यक्तीची नाहीत. आज खरी साखर अठ्ठेचाळीस निघाली. गोळी थांबवावी. सुधारणा बोनस आजच बंद करावा. इतरांनीही असं केलं असेल तर त्यांच्या गोळ्याही तपासाव्यात. कमी साखरेला ॲप शाबासकी देतं, फोटो सोबत.

पराग तिच्या खांद्यावरून वाचत होता. "हे वर गेलं तर ॲप गेलं," तो हळूच म्हणाला. "शुक्रवारचं लेटरही. थोडं मऊ लिही ना. 'काही किरकोळ तफावत' असं."

"तफावत किती आहे ते लिहिलंय, सर."

"रील तरी राहू दे. सुगंधाचं बोट चांगलं आलंय."

"सर, त्या बाईला मधुमेह नाही."

"म्हणूनच तर चांगलं आलंय," पराग म्हणाला. मग त्यालाच ते ऐकू आलं असावं, कारण तो गॅलरीत जाऊन उभा राहिला. क्षितिजानं मेल पाठवला.

"ए मुली," सोफ्यावरून आवाज आला. अंबिका काकू सरळ बसल्या होत्या. "तू कोण? आणि हंसाबेन, तुझ्या पर्सला मुंग्या लागल्यात."

"माझं नाव क्षितिजा, काकू. मी साखरसाथीमधून आलेय."

"हो का? मग माझे पॉइंट किती झाले?"

फोन वाजला. पंधरा मिनिटं झाली होती. क्षितिजानं नवी पट्टी घातली, नवी सुई बसवली. या वेळी अंबिका काकूंनी डोळे मिटून घेतले आणि बोट स्वतःहून पुढे केलं. चौघी मशीनवर वाकल्या. पराग गॅलरीतून आत आला.

त्र्याण्णव.